फुगलेलं दार

हिंदमाताला पाणी भरलं की दादरच्या आज्यांचं वेळापत्रक कोलमडतं. परवा बुधवारी तेच झालं. नातीला आणायला शाळेत पोचले आणि आभाळच कोसळलं. फाटकाशी एक टॅक्सी थांबल्यासारखी झाली, आमच्याकडे बघून मान हलवली आणि गेली. शेवटी वॉचमनला दया आली. आम्हां पाचसहा ओल्या आज्यांना आणि एका आजोबांना त्याने व्हरांड्यातून उचललं आणि थेट वाचनालयात नेऊन बसवलं. खुर्च्या दुसरीतल्या मुलांच्या. बसलं की गुडघे हनुवटीला. आजोबा शेवटपर्यंत उभेच राहिले.

तिथे छताला एक छत्री टांगलेली होती. खरी, काळी, लांब दांड्याची, कुणाच्या तरी आजोबांचीच असणार. तिच्या प्रत्येक काडीला दोरे, आणि दोऱ्यांना निळ्या कार्डपेपरचे थेंब. एक पुस्तक वाचलं की एक थेंब. थेंबावर स्वतःचं नाव, पुस्तकाचं नाव आणि ‘कसं वाटलं’. पावसाळी वाचन म्हणे. पंखा लावायला बाईंनी बंदी केली होती, कारण पंखा लावला की सगळा पाऊस एकमेकांत गुंततो.

मी मान वर करून थेंब वाचत बसले. एका पोराचे एकतीस थेंब होते, त्याच्यावर माझा लगेच अविश्वास बसला. एका थेंबावर पुस्तकाचं नावच नव्हतं. लिहिलं होतं, ‘हत्तीचं. लाल. खूप आवडलं.’ इतकं नेमकं परीक्षण मी रविवारच्या पुरवणीतसुद्धा वाचलेलं नाही. आमच्या बाईसाहेबांचे थेंब तीन, त्यातले दोन एकाच पुस्तकाचे. विचारलं तर म्हणाली, “दोनदा वाचलं ना मग.” यावर काय बोलणार!

बाई उत्साही आहेत. दारामागे त्यांनी वर्षाचा तक्ता लावलाय. श्रावणात कहाण्या, १५ ऑक्टोबरला कलामांच्या जयंतीचा वाचन प्रेरणा दिन, दिवाळीआधी किल्ल्यांची पुस्तकं, म्हणजे सुट्टीत मातीचा किल्ला करताना बुरूज कुठे असतो ते तरी कळेल. २७ फेब्रुवारीला कुसुमाग्रजांच्या निमित्ताने कविता. आणि मे महिन्यात प्रत्येकाला घरी न्यायला पाच पुस्तकांची पिशवी. पुस्तकांना बुरशी धरू नये म्हणून कपाटात एक पिवळा बल्ब दिवसभर जळत ठेवलेला. त्या उजेडात पुस्तकं उबेला बसलेल्या कोंबड्यांसारखी दिसत होती.

बल्ब पाहिला आणि मला आमचं कपाट आठवलं.

गिरगावातली आमची शाळा. वाचनालय म्हणजे मुख्याध्यापक बाईंच्या खोलीबाहेरचं एक लाकडी, काचेच्या दारांचं कपाट. शनिवारी शेवटच्या तासाला उघडायचं. म्हणजे उघडायचं असं ठरलेलं होतं. प्रत्यक्षात जूनच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत त्याचं दार पाणी पिऊन टम्म फुगायचं. मग शिपाईमामा यायचे, किल्ली फिरवायचे, पाय भिंतीला लावून ओढायचे. काचा थडथडायच्या. आत खाकी कव्हरं घातलेली पुस्तकं दिसायची, पण दार हलायचं नाही. “काच फुटली तर माझ्या पगारातून जाईल,” असं म्हणून मामा किल्ली खिशात टाकायचे आणि आम्ही बेरजा-वजाबाक्यांकडे परतायचो. दार सुकून सुटायचं ते नवरात्राच्या आसपास. तेव्हा सहामाही परीक्षा. परीक्षेत अवांतर वाचन नको. मग दिवाळीची सुट्टी. नाताळानंतर जरा बरे दिवस यायचे, तोवर स्नेहसंमेलनासाठी ते कपाटच स्टेजमागे सरकवलेलं असायचं, तोंड भिंतीकडे. मार्चपासून पुन्हा परीक्षा, आणि मे महिन्यात, जेव्हा माणसाला दुसरा काही उद्योग नसतो, तेव्हा शाळेला टाळं.

पुस्तकं वापरासाठी असतात, हा ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांचा ग्रंथालयांसाठीचा पहिला नियम. १९३१ सालचा. आमच्या कपाटापर्यंत तो पोचला नव्हता. चार वर्षांत मी त्यातून पुस्तकं घेतली असतील तीन किंवा चार. वास मात्र अजून नाकात आहे, डांबराच्या गोळ्यांचा आणि ओल्या पुठ्ठ्याचा. बंद काचेला नाक लावूनही तो यायचा.

तर माझं वाचन झालं ते आजोळी, मे महिन्यात आणि दिवाळी अंकांचं. ‘मनोरंजन’ मासिकाने १९०९ साली पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हा त्यांच्या मनात फराळ आणि पणत्या असणार. माझ्या मनात दिवाळी अंक म्हणजे फणस. मामा मुंबईतल्या वाचनालयातून जुने झालेले अंक रद्दीच्या भावात घ्यायचा आणि कोकणात माळ्यावर सुतळीने बांधून ठेवायचा. दुपारी सगळी आडवी झाली की मी शिडीने वर. कौलांची धग, खाली आजीचं घोरणं, आणि हाताला फणसाचा चीक. तेल लावलं तरी तो पुरता जात नाही.

एका अंकाची दोन पानं माझ्याच बोटांनी चिकटली. ४२ आणि ४३. सोडवायला गेले तर कागदाचा पापुद्रा निघायला लागला, म्हणून भिऊन सोडून दिलं. त्या कथेतली बाई ४१व्या पानावर भरल्या घरातून एक पिशवी घेऊन निघून जाते. ४४व्या पानावर ती त्याच घरात, नवऱ्यासाठी पोहे करते आहे. मधे काय झालं? मी आठ-नऊ वर्षांची, मला वाटलं पिशवीत काहीतरी विसरली असेल. पुढे लग्न झाल्यावर वेगळं वाटलं. आता आणखी वेगळं वाटतं. कथेचं नाव आठवत नाही, लेखक आठवत नाही, अंकाला मुखपृष्ठ नव्हतंच. माळ्याला नंतर वाळवी लागली.

अजूनही दिवाळी अंक मी दिवाळीत वाचत नाही. आणते हौसेने, नव्याकोऱ्या गुळगुळीत कागदावर हात फिरवते आणि ठेवून देते. उन्हं तापली की काढते. घरचे हसतात.

“आजी, तुम्हीपण एक थेंब लिहा ना!” बाईंनी स्केचपेन हातात दिलं. “पालकांसाठी ही काडी रिकामी ठेवलीय. पूर्ण वाचलेलंच पुस्तक हं.”

बाकीच्या आज्यांनी पटापट लिहिलं, दोघींनी पोथ्या लिहिल्या. मी बराच वेळ पेन धरून बसले. मग लिहिलं, ‘दिवाळी अंक. पान ४२-४३ सोडून.’ कसं वाटलं ते कोरंच ठेवलं. बाईंनी वाचून माझ्याकडे पाहिलं, पण टांगला बिचाऱ्यांनी.

अडीचच्या सुमारास पाऊस उघडला. पाणी अजून घोट्यापर्यंत होतं. नातीचं दप्तर माझ्या खांद्यावर, तिच्या चपला तिच्या हातात. पोहे केलेल्या बाईची गोष्ट मी तिला सांगितली, त्यावर ती फूलबाजारापर्यंत गप्प होती.

“मग ती परत का आली?”

“बघून चाल,” मी म्हटलं, “तिथे खड्डा आहे.”