कोरी रद्दी

बुधवार, रात्री साडेदहा

रद्दीवाला आज काटा धरून म्हणाला, "ताई, तुमची रद्दी एक नंबर बघा. घडीसुद्धा मोडलेली नसते." बिचाऱ्याने कौतुकच केलं. मी पैसे घेतले, दार लावलं आणि तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय.

खोटं तरी काय बोलला तो? पहिलं पान, संपादकीय, रविवारची पुरवणी, सगळं इस्त्री करून ठेवल्यासारखं. चुरगळलेलं असतं ते एकच पान, आतलं, सोलापूर जिल्ह्याचं. त्याच्या खालच्या कोपऱ्यात धरणसाठ्याची चौकट आणि शेजारी मार्केट यार्डातले भाव. चहाचा डाग पडला तर तिथेच पडणार.

म्हणजे मी पेपर वाचतच नाही की काय?

बाबांची मुलगी, आणि पेपर वाचत नाही. मुंबईचा मटा आमच्याकडे दुपारी यायचा तेव्हा बाबा संपादक तळवलकरांचा अग्रलेख दारातच, चपला न काढता वाचायला सुरुवात करायचे. आवडलेलं वाक्य आईला दोनदा ऐकवायचे. आई भाजी निवडता निवडता "हं" म्हणायची. 'सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?' हा केसरीचा 1897 सालचा मथळा आमच्या घरात लाइटचं बिल आलं की म्हटला जायचा. दादाने हे सगळं उचललं. आज तो पुण्यात सकाळी तीन पेपर वाचतो आणि नऊच्या आत त्याचं मत तयार असतं, इडलीच्या पिठासारखं रात्रभर थांबावं लागत नाही. (ही उपमा बाबांना आवडली नसती. राहू दे.)

आणि माझ्या वाट्याला काय, तर ती चौकट.

गेल्या आठवड्यात घरच्या ग्रुपवर जोरात वाद चालला होता. कशावरून ते लिहीत बसत नाही, दोन दिवसांनी मलाच आठवणार नाही. शेवटी दादाने विचारलं, "तू गप्प का? तुझं मत काय?" मी लिहिलं, "दौंडचा विसर्ग वाढलाय." (म्हणजे दौंडहून आमच्या उजनी धरणात येणारं पाणी.) त्यावर हसून हसून रडणारे चेहरे आले. नीताने काहीच टाकलं नाही. नीताचं काहीच न टाकणं मला कळतं, पण तो विषय वेगळा.

तेव्हा मीही हसले होते. आज मात्र ते टोचतंय. मला मत नाही की मत मांडायची छाती नाही? की सरळसरळ अक्कलच कमी? लेख वाचायला घेते मी, अगदीच घेत नाही असं नाही. पण वर नाव वाचलं की गाडी कुठे जाऊन थांबणार ते आधीच दिसतं. पहिल्या परिच्छेदात 'लोकशाहीचा चौथा स्तंभ' आला की माझं बोट आपोआप पान उलटतं. आता ही चोखंदळ नजर म्हणायची की आळसाला मिळालेलं बरं कारण, हे ठरवायला आज बाबा हवे होते. शेवटच्या वर्षी त्यांना अक्षरं दिसत नव्हती, मी वाचून दाखवायचे, तेव्हा ते... असो.

2013 चा उन्हाळा आठवतो. उजनी खोल उणेत गेलेली, गावोगाव टँकर. पाण्यासाठी आपल्याकडचा माणूस मुंबईत आझाद मैदानावर उपोषणाला बसलेला. मग एप्रिलमध्ये इंदापूरजवळची अजित पवारांची ती सभा आणि त्या उपोषणाची टिंगल करणारं ते वाक्य. पुढे कितीतरी दिवस पेपरभर ते वाक्यच होतं. माफी, कऱ्हाडला प्रीतिसंगमावरचा आत्मक्लेश, अग्रलेख, व्यंगचित्रं. झालं ते योग्यच झालं, तसं बोलायला नकोच होतं. बाबांनी त्यातला एक अग्रलेख सोडला नाही. आणि मी त्याच पेपरात शोधत होते की नदीत पाणी कधी सोडणार. कारण धरणातून सोडलेलं पाणी औज बंधाऱ्यात यायला आठ-दहा दिवस लागतात, आणि ते आल्यावर आमच्या नळाचं बघायचं. ती बातमी सापडली तेव्हा चार ओळींची होती. बाबांना वाचून दाखवली. म्हणाले, "ही बातमी नव्हे गं, ही सूचना झाली."

हे 'सूचना झाली' मला तेव्हा लागलं होतं, हे आत्ता लिहिताना कळतंय.

पण बाबा, सूचनेतसुद्धा केवढं असतं! ज्याच्या घरी चार-पाच दिवसांनी पाणी येतं तो ती चौकट नुसती वाचत नाही, लावून बघतो. उजनीची सगळी गंमत उणेत आहे. धरणाची क्षमता 117 टीएमसी (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट), त्यातलं 63 टीएमसीच्या वर पाणी तळाच्या मृत साठ्यात. उपयुक्त साठा 53 टीएमसीच्या आसपास, आणि टक्केवारी धरतात ती फक्त त्याची. म्हणून मृत साठ्याला हात लागला की हे धरण शून्याखाली जातं, आणि 117 च्या वर 123 टीएमसीपर्यंत भरलं की 111 टक्केही होतं. शहाण्या माणसाने शाळेत असलं गणित लिहिलं असतं तर मास्तरांनी कानाखाली काढली असती. टीव्हीवाले 'उजनी उणे 50' म्हणून लाल पट्टी फिरवतात आणि मुंबई-पुण्याच्या माणसाला वाटतं, धरणात भेगा पडल्या. हिशेब केला तर तेव्हाही आत 36-37 टीएमसी पाणी असतं. खडकवासल्याची चारही धरणं काठोकाठ भरली तरी 29 होतात! गाळ किती, उचलता किती येतं, कालव्याला किती आणि नदीला किती, भांडण तिथून सुरू होतं. पण त्या भांडणावरच्या लेखात हे आकडे क्वचित सापडतात. विशेषणं असतात.

कांद्याचंही तेच. 'सोलापुरात कांद्याला विक्रमी भाव' असा मथळा आला की मी आधी शेजारचा रकाना बघते. किमान, कमाल, सर्वसाधारण. मथळ्यात नेहमी कमाल जातो. तो भाव एखाद्या गाडीला मिळतो, निवडून आणलेल्या मालाला. बाकीचं यार्ड सर्वसाधारणवर घरी जातं, आणि पाऊस लागलेला कांदा किमानवर. म्हणजे एका ओळीत तीन माणसांचे तीन दिवाळसण असतात, हे मला अग्रलेखातून कळलं नसतं. आता हे मत झालं की नाही? बहुतेक झालं. फक्त ग्रुपवर टाकण्यासारखं नाही.

तर मला आवडतं ते हे. कोणी काय म्हणालं याच्याआधी काय झालं, किती झालं, कुठे झालं. त्यावर कोणी नीट, पायी फिरून लिहिलेलं असेल तर मी सलग पाच पानंही वाचते. साधना साप्ताहिकाच्या अंकांवर माझ्या पेन्सिलीच्या खुणा आहेत, ते मी रद्दीत घालतच नाही. हे त्या रद्दीवाल्याला सांगायला हवं होतं. तोंडावर आलंही होतं. पण माणूस काटा धरून उभा, मागे सायकल कलंडतेय, आणि मी त्याला माझी वाचनाभिरुची सांगणार!

मघाशी जेवताना दादाचा फोन. इकडचं तिकडचं झाल्यावर हळूच म्हणाला, "उजनी किती गं आज? ऊस ठेवायचा की मोडायचा, मोहोळला विचारतायत." मी सांगितलं. आकडा सांगितला, दौंडचा विसर्ग सांगितला, तो असाच राहिला तर प्लसमध्ये यायला साधारण किती दिवस ते सांगितलं, आणि वर हेही की पंढरपुरात पाणी चढलं म्हणून उजनीकडे बोट दाखवू नकोस, नीरा नदीचं पाणी उजनीच्या खाली नरसिंगपूरला भीमेत मिसळतं, तिच्यावरच्या वीर धरणाचंही बघायचं असतं. पलीकडे शांतता. लिहून घेत होता बहुतेक.

मग म्हणाला, "बरं, सकाळी पाठवलेला लेख वाचलास?"

"नाही."

"अगं फार महत्त्वाचा आहे, पुन्हा पाठवतो."

पाठव म्हटलं. वाचते असं काही म्हटलं नाही.