टॉवेल हीटरचा टायमर आणि भलतीकडून घेतलेला न्यूट्रल

आमचे घर नेरूळला, खाडीकडच्या बाजूला आहे. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत आमच्याकडे टॉवेल वाळत नाहीत. सकाळी वापरलेला टॉवेल रात्रीही ओलसर लागतो आणि दुसऱ्या दिवशी त्याला कुबट वास येऊ लागतो. सासूबाईंच्या त्वचेला त्याचा त्रास व्हायला लागला, तेव्हा आम्ही बाथरूमच्या भिंतीवर बसणारा १०० वॉटचा विजेचा टॉवेल हीटर घेतला. या हीटरला थर्मोस्टॅट नाही, त्यामुळे एकदा बटण दाबले की बंद करेपर्यंत तो तापतच राहतो. चोवीस तास चालू राहिला तर २.४ युनिट वीज जाते. पहाटे साडेपाच ते सात आणि रात्री आठ ते दहा एवढाच वेळ चालवला, तर ०.३५ युनिटमध्ये काम भागते. शिवाय घरात कोणी नसताना बाथरूममध्ये एखादी वस्तू तापत राहावी, हे मला मुळीच पटत नव्हते. म्हणून टायमर लावायचे ठरवले.

हीटर भिंतीवर बसवण्यात काहीच अडचण आली नाही. टायमरचे कामही एका संध्याकाळी उरकले. मात्र दुसऱ्या दिवशी पहाटे बरोबर साडेपाचला आरसीसीबी (वीज भलतीकडे गळू लागली की लाइन तोडणारा सुरक्षा स्विच) पडली आणि तिच्याबरोबर गीझरही बंद झाला. सासूबाईंना गार पाण्याने आंघोळ करावी लागली. आरसीसीबी वर केली की ती लगेच पुन्हा पडत होती, आणि टायमरचा खटका बंद केला की शांत राहत होती. आधल्या संध्याकाळी इलेक्ट्रिशियनने फक्त टायमरची चकती फिरते आहे एवढे पाहिले होते. टायमरवर हाताने चालू करण्याचा खटका असतो, तो दाबून त्याने हीटर एकदाही चालवून पाहिला नव्हता. असे काम करून घेणाऱ्याने तो खटका दाबून हीटर तापल्याचे स्वतः पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

पुढचे तीन आठवडे ज्या कारणाने गेले, त्याचा राग अजूनही माझ्या मनातून गेलेला नाही. पहिल्याच इलेक्ट्रिशियनला परत बोलावले, तर तो म्हणाला, "ताई, ही आरसीसीबीच काढून टाकू. लाइन थेट जोडून देतो, कधी पडणार नाही." मी स्पष्ट नकार दिला. एमसीबी, म्हणजे फ्यूजच्या जागी असणारा स्विच, जादा भार किंवा शॉर्टसर्किट झाल्यावर पडते, पण माणसाच्या अंगातून वीज जमिनीकडे वाहू लागली तर तिला त्याचा पत्ताही लागत नाही. ते काम ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीचे आहे, आणि बाथरूममध्ये ओल्या हातांनी वावरणाऱ्या माणसाला तिच्याइतका मोठा आधार दुसरा कोणता नाही.

दुसऱ्याने टायमर खराब असल्याचे सांगितले. मी हार्बरची लोकल पकडून मशीद स्टेशनला उतरले, लोहार चाळीतल्या विजेच्या सामानाच्या बाजारात जाऊन टायमर बदलून आणला आणि पुढच्या पहाटे साडेपाचला आरसीसीबी पुन्हा पडली. तिसऱ्याने हीटरच "अर्थ होतो" असे निदान केले आणि हीटरची अर्थची हिरवी वायर सोडून ठेवण्याचा उपाय सुचवला. धातूच्या बाहेरील भागात बिघाडाने वीज उतरली, तर तिला जमिनीकडे नेणारी तीच एक वायर असते. ती सोडायची म्हणजे पुढे हीटरच्या नळ्यांना हात लावणाऱ्या माणसाला त्या वायरच्या जागी उभे करायचे. त्यालाही मी हात लावू दिला नाही. हीटरच्या सेवा केंद्राच्या माणसाकडून मेगरने, म्हणजे वीज कुठे गळते का हे रोध मोजून पाहणाऱ्या यंत्राने, तपासणी करून घेतली. निदान १ मेगाओम रोध अपेक्षित असतो, आमच्या हीटरचा १०० मेगाओमच्याही वर आला. टायमर नवा, हीटर निर्दोष, आणि तरीही आरसीसीबी पडत होती.

शेवटी शेजाऱ्यांच्या ओळखीने एक वयस्कर परवानाधारक वायरमन काका आले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा: "हीटरचा न्यूट्रल कुठून घेतलाय?" न्यूट्रल म्हणजे वीज परत नेणारी वायर. हा प्रश्न तीन आठवड्यांत दुसऱ्या कोणीही विचारला नव्हता. टायमर बाथरूममध्ये नको म्हणून आम्ही तो दाराबाहेर, पॅसेजमधल्या दिव्यांच्या बोर्डाशेजारी बसवला होता. पहिल्या माणसाने फेज, म्हणजे वीज आणणारी वायर, गीझरच्या लाइनमधून आणला होता, आणि न्यूट्रल मात्र हाताशी होता म्हणून दिव्यांच्या बोर्डातून घेतला होता. आमच्या डीबीत, म्हणजे घरातल्या सगळ्या लाइनींच्या मुख्य पेटीत, आरसीसीबी फक्त बाथरूम आणि स्वयंपाकघर यांच्या लाइनवर आहे. पॅसेजचे दिवे तिच्या बाहेर आहेत.

काकांनी मेन स्विच बंद केला, आरसीसीबीही खाली पाडली, हीटरच्या न्यूट्रलला मल्टिमीटरची एक पिन टेकवली आणि दुसरी पिन डीबीतल्या आरसीसीबीच्या न्यूट्रल लिंकला, म्हणजे न्यूट्रल वायरी एकत्र जोडायच्या पट्टीला, लावली. दोन टोके जोडलेली असली की मीटर वाजतो. मीटर गप्प राहिला. तीच पिन दिव्यांच्या न्यूट्रल लिंकला लावताच तो वाजू लागला. मग त्यांनी मला हिशेब समजावला. आरसीसीबी जाणारा आणि परत येणारा प्रवाह यांची सतत तुलना करते. १०० वॉट भागिले २३० व्होल्ट म्हणजे साधारण ०.४३ अँपिअर, म्हणजे ४३० मिलिअँपिअर प्रवाह तिच्यातून बाहेर जात होता आणि तिला वळसा घालून दुसऱ्याच वाटेने परतत होता. तिच्या दृष्टीने हा सगळा प्रवाह हरवलेला होता, आणि ती तर ३० मिलिअँपिअरलाच पडायला हवी. टायमरच्या घड्याळाला लागणारा प्रवाह अगदीच थोडा असल्यामुळे रात्रभर काही होत नसे, आणि खटका जुळताच ती पडे. ती आपले काम चोख करत होती आणि आम्हाला तीच काढून टाकण्याचा सल्ला मिळत होता! बिघाड सापडायला काकांना वीस मिनिटेसुद्धा लागली नाहीत.

गीझरच्या मोठ्या एमसीबीवरून हीटरची बारीक वायर काढणेही चूकच होते, कारण त्या वायरवर जादा भार आला तर तेवढी मोठी एमसीबी वेळेवर पडेलच असे नाही. काकांनी डीबीत आरसीसीबीच्या खालीच ६ अँपिअरची वेगळी एमसीबी बसवली आणि तिथून फेज, न्यूट्रल आणि अर्थ अशा १.५ चौरस मिलिमीटरच्या तिन्ही तांब्याच्या वायरी एकाच पट्टीतून टायमरपर्यंत नेल्या. टायमरच्या आधी त्यांनी डीपी (दोन्ही वायरी एकदम तोडणारा) स्विचही दिला, कारण असा टायमर फक्त एकच वायर तोडतो. साफसफाई करताना फेज आणि न्यूट्रल दोन्ही तुटलेले असावेत, यासाठी तो स्विच हवा. टायमरने तोडायची वायर फेजचीच आहे ना, हे त्यांनी टेस्टर लावून मला दाखवले. न्यूट्रल तोडणारा टायमर हीटर बंद दाखवतो, पण हीटरमध्ये फेज तसाच उभा असतो.

टायमर घेताना एक गोष्ट मला दुकानातच कळली आणि तिचा उपयोग झाला. चकतीवर ९६ खुंट्या असलेला, म्हणजे पंधरा मिनिटांची एक खुंटी, असा टायमर मिळतो, पण त्यात राखीव बॅटरी असलेला आणि नसलेला असे दोन प्रकार असतात. बॅटरी नसेल तर वीज जितका वेळ जाते तितके घड्याळ मागे पडते. तासभर वीज गेली की पहाटेचा हीटर साडेसहाला लागतो, आणि तोवर आंघोळी उरकलेल्या असतात. सॉकेटमध्ये खोचायचे स्वस्त टायमर बाथरूममध्ये लावू नयेत, कारण वाफ आणि पाण्याच्या शिंतोड्यांसाठी ते बनवलेले नसतात. हीटर स्वतः शिंतोडे सहन करणारा, म्हणजे आयपीएक्स४ खूण असलेला पाहून घ्यावा आणि तरीही शॉवरपासून लांबच्या भिंतीवर लावावा. आमचा दाराजवळ आहे.

डीबीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला कोणता न्यूट्रल कोणत्या लिंकवर आहे, हे मी आता चिकटपट्टीवर लिहून लावले आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आरसीसीबीचे टेस्ट बटण दाबते. ती खटकन पडते, घरातला गीझर आणि हीटर बंद होतात, मी ती पुन्हा वर करते, आणि बॅटरीमुळे टायमरचे घड्याळ बरोबर वेळ दाखवत असते.