किती टीबी?

हार्ड डिस्क घ्यायला गेलं की दुकानदाराचा पहिला प्रश्न ठरलेला. "किती टीबी?" एम. जी. रोडवर जा नाहीतर नाशिक रोडला, प्रश्न बदलत नाही. ती टीव्हीला लावायची की लॅपटॉपला, तिच्यात काय भरणार, घरचा प्लेअर, म्हणजे डिस्कवरचे व्हिडिओ टीव्हीवर दाखवणारं यंत्र, किती जुना, हे कोणी विचारत नाही. आपण तरी कुठे विचारू देतो म्हणा. मोठा आकडा पदरात पाडून घेण्याची हौस आपलीच दांडगी. मग घरी येऊन डिस्क जोडली की एक टीबीच्या, म्हणजे हजार जीबीच्या जागी ९३१ जीबी दिसतात आणि माणूस दुकानदाराच्या नावानं शंख करतो. त्यात त्या बिचाऱ्याचा काही दोष नसतो. डिस्क बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात, विंडोज १०२४ च्या पटीत मोजतं. माल तेवढाच, माप निराळं.

आमच्या घराण्यात हा विषय निघाला आत्यामुळे. आत्या पंचवटीत राहते, ऐंशीच्या घरात आहे, आणि तिच्या हातातला रिमोट काढून घेण्याची कोणाची छाती नाही. ओटीटीचं तिला वावडं नाही. पण तिला जे बघायचं असतं ते तिथे मिळत नाही. धाकट्या दिराचं लग्न, नातवाची मुंज, काकांनी हौसेनं रेकॉर्ड करवून घेतलेली कीर्तनं. त्यातलं काही व्हीएचएस कॅसेटवरून सीडीवर आलेलं, काही सीडीवरून पेन ड्राइव्हवर, आणि ते सगळे पेन ड्राइव्ह श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात. कशावर काय आहे ते फक्त तिला ठाऊक, तेही दोऱ्याच्या रंगावरून. शिवाय पावसाळ्यात नेट गेलं की दुरुस्तीवाला येईपर्यंत टीव्हीसमोर बसून करायचं काय, हाही तिचा रास्त सवाल.

"हे सगळं एका डबीत घालून दे बाबा. बटण दाबलं की दिसलं पाहिजे."

पुण्याच्या दादानं, म्हणजे तिच्या मुलानं, फोनवरूनच निकाल दिला: "एसएसडी घे रे. हार्ड डिस्क कोण वापरतं आता?" एसएसडी म्हणजे फिरणारी तबकडी नसलेली, चिपवर साठवणारी वेगवान डिस्क. दादा आयटीत आहे, त्यामुळे त्याच्या मताला आमच्याकडे वजन आहे. लॅपटॉपसाठी त्याचं म्हणणं शंभर टक्के खरंही आहे. पण सिनेमा बघायला वेग लागतो तरी किती? ब्लू-रेच्या दर्जाचा फुल एचडी व्हिडिओ सेकंदाला फार तर ४० मेगाबिट घेतो. आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे झाले पाच मेगाबाइट. फोर-के ब्लू-रेची कमाल मर्यादा १२८ मेगाबिट धरली तरी सोळा मेगाबाइट. जुन्यातलं जुनं यूएसबी २.० देखील प्रत्यक्षात सेकंदाला तीसेक मेगाबाइट आरामात देतं आणि साधी पोर्टेबल हार्ड डिस्क त्याच्या कितीतरी पुढे असते. एसएसडीचे पाचशे मेगाबाइट आत्याच्या प्लेअरला कळणारसुद्धा नाहीत. गंगापूर धरण भरून वाहत असलं तरी आपल्या मोरीतल्या नळाची तोटी अर्ध्या इंचाचीच असते.

गंमत म्हणजे बऱ्याच टीव्हींचं आणि प्लेअरचं लॅन पोर्ट, म्हणजे नेटची वायर खोचायची जागा, शंभर मेगाबिटचंच असतं. एवढं ब्रॉडबँड घ्यायचं, राउटर बसवायचा, आणि मागे लोंबकळणारी जुनी यूएसबीची वायर त्या लॅनपेक्षा जास्त वेगानं माल पोचवते. फोर-केची मोठी फाइल वायफायवर अडखळत असेल तर तीच डिस्कवर घेऊन बघा, एवढंच मी सांगेन.

तेव्हा वेगाची चिंता सोडली. खरी पंचाईत फॉरमॅटची, म्हणजे डिस्कवर फाइली मांडून ठेवण्याच्या पद्धतीची, आणि तिचं नाव दुकानात कोणी काढत नाही. आत्याच्या नातवाच्या मुंजीचा व्हिडिओ फोटोग्राफरनं एकसंध करून दिला होता, चांगला नऊ जीबीचा. पेन ड्राइव्हवर पन्नास जीबी मोकळे. तरी कॉम्प्युटर म्हणतो, फाइल फार मोठी आहे. आत्याला वाटलं पेन ड्राइव्ह बिघडला. तो बिघडलेला नव्हता, फॅट३२ होता. १९९६ च्या सुमारास आलेल्या या पद्धतीत एका फाइलला चार जीबीची वेस आहे, जागा कितीही असो. त्या काळी घरच्या कॉम्प्युटरची अख्खी डिस्क एक-दोन जीबीची असायची. चार जीबीची एकच फाइल कोणाच्या घरी असेल हे कोणाच्या ध्यानीमनीही नसणार. आता साधा दोन तासांचा एचडी सिनेमा, सेकंदाला आठ मेगाबिटचा धरला, तरी सात जीबीच्या वर जातो.

मग एक्सफॅट किंवा एनटीएफएस. एक्सफॅट २००६ सालचं, मोठ्या फाइली मुकाट्यानं घेतं, विंडोज आणि मॅक दोन्हींवर चालतं. पण जुन्या प्लेअरांना ते वाचता येईलच असं नाही. एनटीएफएस त्याहून जुनं, १९९३ चं, आणि जुन्या प्लेअरांपैकी पुष्कळांना वाचता येतं. मॅकवर मात्र नुसतं वाचता येतं, लिहिता येत नाही. माझा कौल एनटीएफएसला, आणि त्याचं कारण शुद्ध देशी आहे. एनटीएफएस आपण काय लिहायला घेतलं याची नोंद आधी करून ठेवतं. फाइल भरता भरता वीज गेली, तर त्या नोंदीवरून स्वतःला सावरून घेतं. एक्सफॅटकडे ही वही नाही. आमच्याकडे वळवाचा पहिला वारा सुटला की वीज जाते, त्यामुळे वही असलेली बरी. अर्थात आधी प्लेअरच्या माहितीपुस्तकात बघायचं. ते पुस्तक आत्याकडे सापडलं, गॅसच्या पावत्यांच्या पिशवीत.

टीव्हीला अँड्रॉइड बॉक्स, म्हणजे अ‍ॅप चालवणारी पेटी, लावणाऱ्यांसाठी इथेच एक सूचना घालतो. नवी डिस्क लावली की तो विचारतो, ही बॉक्सचं स्टोरेज म्हणून वापरू का? अँड्रॉइड ६ पासून ही सोय आली आहे. हो म्हटलंत तर आधीचं सगळं पुसलं जातं, डिस्क एन्क्रिप्ट होते, म्हणजे तिच्यातल्या मजकुराला कुलूप लागतं, आणि पुढे त्या एका बॉक्सखेरीज कुठेच उघडत नाही. रिमोटवर "ओके" दाबायची आपली सवय बघता हा प्रश्न इतक्या सहज विचारायला नको होता. लग्नाची डिस्क लावणार असाल तर "रिमूव्हेबल" निवडायचं आणि पुढे जायचं.

शेवटी आत्यासाठी दोन टीबीची पोर्टेबल हार्ड डिस्क आणली. अडीच इंची, तळहातात मावणारी. साडेतीन इंची टेबलावरच्या डिस्का स्वस्त पडतात, पण त्यांना १२ व्होल्टचा वेगळा अडॅप्टर लागतो. आत्याच्या टीव्हीमागच्या एकाच प्लगवर आधीच एक्स्टेंशन, त्यावर दुसरं एक्स्टेंशन आणि त्यावर देवघरातली लाइटची माळ आहे. तिथे आणखी अडॅप्टर म्हणजे वायरमनला निमंत्रण.

अडीच इंचीला वीज यूएसबीतूनच मिळते, हे तिचं सुख आणि हेच दुखणं. यूएसबी २.० च्या पोर्टला ५०० मिलिअँपिअर देण्याचं बंधन आहे, ३.० ला ९००. डिस्कची तबकडी सुरू होते त्या क्षणाला जास्त ओढ लागते. पुरेशी वीज मिळाली नाही की काय होतं ते कान देऊन ऐकण्यासारखं आहे: आधी हलकी घूं, मग टक, मग शांतता, पुन्हा घूं, पुन्हा टक. निळा दिवा लागतो, विझतो. लोक म्हणतात, डिस्क गेली. गेलेली असतेही कधीकधी, पण आधी पोर्ट बदलून बघावं. काही टीव्हींवर एका पोर्टवर "एचडीडी" असं छापलेलं असतं. ते पोर्ट जास्त वीज देतं. तसं नसेल तर स्वतःचा वीजपुरवठा असलेला यूएसबी हब, म्हणजे एका पोर्टची अनेक करणारी पट्टी. आत्याच्या प्लेअरवर मागच्या पोर्टला टकटक झाली, बाजूच्याला लागली. वायरही कंपनीनं दिलेली आखूडच ठेवली. लांब, स्वस्त वायरीत वीज आणखी झिजते.

मोठा पेन ड्राइव्ह का नको, हे शेजारच्या काकूंनी विचारलं. नेण्या-आणण्याला उत्तम. फक्त चार-पाचशे रुपयांत दोन टीबी कोणी देत असेल तर हात जोडावेत. असल्या मालावर आकडा खोटा लिहिलेला असतो. कॉम्प्युटरलाही दोन टीबीच दिसतात, आणि खरी जागा संपली की पुढचा मजकूर हवेत जातो. एचटूटेस्टडब्ल्यू नावाचा फुकट प्रोग्राम सगळी जागा भरून, परत वाचून दाखवतो. रात्रभर लावून ठेवावा.

आता यातली खरी मेख. सिनेमा गेला तर पुन्हा मिळतो. दिराचं लग्न गेलं तर गेलं. नाशिककरांना हे वेगळं सांगायला नको खरं तर. दादासाहेब फाळके १८७० साली त्र्यंबकेश्वरला जन्मले, १९४४ साली नाशिकमध्येच गेले. मुंबई-आग्रा रस्त्यावर पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचं एवढं मोठं स्मारक आहे. आणि १९१३ च्या त्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'च्या चार रिळांपैकी पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात आहेत पहिलं आणि शेवटचं. तीही १९१७ साली पुन्हा केलेल्या चित्रपटाची असावीत, असं काही अभ्यासक मानतात. भारतीय सिनेमाच्या जनकाची ही गत, मग श्रीखंडाच्या डब्याची काय कथा.

म्हणून मी डिस्का दोन घेतल्या. बघायची एक, ठेवायची एक. बघायची रोज गरम होणार, नातवंडं ओढणार, चालू असताना एकदा खाली पडली तरी संपली. तिच्याकडून फार अपेक्षा नाही. ठेवायची दुसऱ्या गावी हवी, आणि वर्षातून एकदोनदा जोडून, फाइली उघडून बघायला हवी. इथेही दादा म्हणत होता एसएसडी. पण विजेविना वर्षानुवर्षं कपाटात पडून राहणार असेल, तर एसएसडीवरचा मजकूर टिकेलच याची खात्री नसते. इथेही साधी हार्ड डिस्कच.

आत्यानं फोल्डरची नावं स्वतः सांगितली आणि क्रमही. प्लेअर नावानुसार लावतो, म्हणून प्रत्येकाच्या आधी ०१, ०२ घालावं लागलं, नाहीतर दहावं कीर्तन दुसऱ्याच्या आधी. मुंज पहिली आली पाहिजे, ही अट.

ठेवायची डिस्क दादाकडे पुण्याला पाठवली. परवा फोनवर सहज विचारलं, नीट आहे ना? आहे की, म्हणाला, टीव्हीलाच लावलीय. दीड टीबी रिकामी होती, तर मुलीनं तिच्यात कोरियन मालिका भरल्यात. आत्याला हे अजून सांगितलेलं नाही. तिला कळलं तर ती आधी विचारेल, त्या मालिका मला कधी देतोस.