बर्फ कुठला?

अन्न सुरक्षेची तपासणी म्हटली की बारमालक आधी स्वयंपाकघराकडे धावतो. फ्रीजर उणे 18 वर आहे का, कच्चं चिकन शिजलेल्या अन्नाच्या वरच्या खणात तर नाही ना, हे बघतो. बघायलाच हवं. पण अन्न सुरक्षा कायद्याच्या (2006) व्याख्येत दारूसुद्धा अन्नच आहे, आणि ते बनवताना वापरलेलं पाणीही. म्हणजे काउंटरमागचा बर्फ आपोआप त्यात आला, आणि आमच्या मते बारमधला सगळ्यांत दुर्लक्षित पदार्थ तोच. दारूत जंतू मरतात ही समजूत सोडून द्या. गोठल्याने बरेचसे जंतू मरत नाहीत, आणि पेग संपेपर्यंतच्या दहा-पंधरा मिनिटांत पाणी घातलेली पातळ दारू त्यांचं फारसं काही बिघडवत नाही.

पहिला प्रश्न पाण्याचा. गोव्याच्या किनारपट्टीत एप्रिल-मे म्हणजे टँकर. टँकरचं पाणी टाकीत पडल्यावर उरलेला क्लोरीन मोजायचा. साधं क्लोरीन किट पुरतं, लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम दिसायला हवा. मात्र बर्फाच्या मशीनला कार्बन फिल्टर असेल तर तोच क्लोरीन तिथे शोषला जातो, म्हणून फिल्टरच्या पुढचा भाग जास्त चिकट होतो. कार्ट्रिज सहा महिन्यांनी बदला. पिण्याच्या पाण्याचा आयएस 10500 या भारतीय मानकाप्रमाणे प्रयोगशाळेचा अहवाल दर सहा महिन्यांचा हवा. अधिकारी तो मागतोच.

लादीचा बर्फ मासळीसाठी ठीक. गोणपाटात गुंडाळून आलेली, जमिनीवर ओढत नेऊन फोडलेली लादी ग्लासात जाता कामा नये, मग ती कितीही पांढरीशुभ्र दिसो.

बर्फाच्या मशीनमध्ये गुलाबी किंवा काळपट बुळबुळीत थर दिसतो तो जंतूंचा आणि बुरशीचा. तो पाण्याच्या पडद्यामागे आणि वितरक नळीच्या भोकांत साठतो, म्हणून दार उघडून वरवर बघणाऱ्याला दिसत नाही. गोव्याच्या दमट हवेत सहा महिने थांबू नका, तीन महिन्यांनी साफ करा. मशीन बंद, सगळा बर्फ फेकायचा. आधी क्षार काढायचं आम्लाचं द्रावण फिरवायचं, कारण क्षाराच्या खडबडीत थराखाली जंतुनाशक पोचत नाही. मग भरपूर पाण्याने धुवायचं. ही पायरी गाळली तर आम्ल आणि ब्लीच एकत्र येऊन क्लोरीन वायू सुटतो. बंद काउंटरमागे तो जीवघेणा आहे. त्यानंतर 200 पीपीएमचं (लिटरला 200 मिलिग्रॅम क्लोरीनचं) द्रावण: 4 टक्क्यांचा सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे ब्लीच, असेल तर लिटरला 5 मिली. सुटे भाग त्यात बुडवायचे, पेटीच्या भिंती पुसायच्या, पुन्हा धुवायचं आणि पहिला निघालेला बर्फ फेकून द्यायचा. मशीनची सांडपाण्याची नळी मोरीत बुडलेली नको, तोंड किमान 25 मिमी वर हवं. नाहीतर मोरी तुंबली की तेच पाणी उलटं पेटीत.

बर्फ काढायला दांड्याचा स्कूप. तो पेटीत रोवून ठेवायचा नाही, बाहेर वेगळ्या खोक्यात. ग्लासानेच बर्फ उपसणं ही सगळीकडची सवय आहे आणि सगळ्यांत वाईट. कड तुटली तर काच बर्फात दिसत नाही. तुटलीच, तर त्या क्षणी वरून कोकम सरबत ओतून सगळा बर्फ लाल करा, म्हणजे गर्दीत दुसरा कुणी त्यातला घेणार नाही. मग गरम पाण्याने वितळवून पेटी रिकामी करा. आणि बियरच्या बाटल्या गार करायचा बर्फ वेगळाच. गोदामातल्या क्रेटवरून उंदीर फिरलेले असतात. पावसाळ्यात लेप्टो (उंदरांच्या मुतातून पसरणारा ताप) कुठून येतो हे इथे कुणाला सांगायला नको.

हुर्राकचा (काजूच्या पहिल्या धारेच्या दारूचा) मोसम आला की लिंबाच्या फोडी आणि चिरलेली हिरवी मिरची ग्लासात पडते. दोन्ही न शिजवता जातात, सालीसकट. चिरण्याआधी 50 पीपीएमच्या पाण्यात बुडवा: दहा लिटरला साडेबारा मिली, वर सांगितलेलाच हायपोक्लोराइट, पण लेबलवर खाण्याच्या वस्तूंसाठी चालतो असं लिहिलेला. सुगंधी ब्लीच नको. पाच मिनिटांनी साध्या पाण्यात धुवा. फोडी झाकून गार ठेवा आणि चार तासांनंतर उरलेल्या टाका. कॅन उन्हात राहिला की हायपोक्लोराइटची ताकद उतरते, तेव्हा मापावर विसंबू नका, चाचणीपट्टी बुडवून बघा.

ग्लासांसाठी तीन सिंक: साबण, साधं पाणी, 100 पीपीएम. तिसऱ्यात मिनिटभर तरी ठेवायचे. साबण तिसऱ्यापर्यंत आला की क्लोरीन निकामी होतो, म्हणून मधलं पाणी बदलत राहायचं. किनाऱ्यावरच्या शॅकमध्ये नळ नसतो आणि दोन बादल्यांवर भागवतात. तिसरं पिंप ठेवायला काही अडचण नसते, सवय नसते एवढंच. ग्लास फडक्याने पुसू नका, जाळीवर उपडे वाळू द्या. ग्लास स्वच्छ आहे का ते पाण्यात बुडवून कळतं. पाणी सलग पडद्यासारखं उतरलं तर स्वच्छ, थेंब-थेंब चिकटले तर तेलकट. अशा ग्लासात बियरचा फेसही टिकत नाही.

चिलटांसाठी फवारा मारणं व्यर्थ. ती मोरीतल्या चिकट थरात, रबरी मॅटखाली आणि लिक्युअरच्या बाटलीला लावलेल्या ओतायच्या तोटीत (पोअररमध्ये) वाढतात. उकाड्यात अंड्यापासून चिलट व्हायला आठ-दहा दिवस लागतात, तेव्हा मोरीच्या भिंती आठवड्याला एकदा ब्रशने घासल्या तरच साखळी तुटते. नुसतं फिनेल ओतलं तर ते थरावरून वाहून जातं. पोअरर रात्री काढून गरम पाण्यात भिजवा आणि बाटल्यांना मूळ बुचं लावा.

यातलं काही राहिलं तर अधिकारी त्याच कायद्याच्या कलम 32 खाली सुधारणा नोटीस देतो, मुदत किमान 14 दिवसांची. तेवढ्यातही झालं नाही तर परवाना निलंबित होऊ शकतो, आणि अस्वच्छतेसाठी कलम 56 चा दंड एक लाखापर्यंत. मशीन कधी साफ केलं, कुणी केलं आणि पट्टीवर आकडा किती आला हे लिहिलेली वही काउंटरवरच ठेवा. ऑफिसच्या कपाटातली वही तपासणीच्या वेळी कधीच सापडत नाही.