चिंचेच्या डाव्या हाताला

काल इथेच टाकलं होतं, "गावात जुनी बारव, म्हणजे पायऱ्यांची विहीर, असेल तर फोटो आणि लोकेशन द्या, ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशावर चढवतो." आजचा अख्खा रविवार त्यातच गेला.

सात जणांनी साताऱ्याजवळच्या लिंबची बारा मोटेची विहीर कळवली. अहो, ती कधीचीच आहे नकाशावर! मला हव्यात त्या गावाबाहेर कुणाला माहीत नसलेल्या.

एका दादाने पिन पाठवली. उघडली तर कोथरूड. बारव पाथर्डीकडची, दादा घरी सोफ्यावर, पिन सोफ्याची. मग त्याने गावी आत्याला फोन लावून मलाही जोडून घेतलं. आत्या म्हणाल्या, "मारुतीच्या देवळामागं, चिंचेच्या डाव्या हाताला." आता वरून काढलेल्या उपग्रहचित्रात चिंच कशी ओळखायची? पाऊण तास झाडं मोजली. शेवटी एक काळा चौकोन दिसला, एका बाजूला पायऱ्यांची शेपटी. तीच!

"गुगल मॅपवरून उचल की," असंही दोघांनी सुचवलं. ओपनस्ट्रीटमॅपवर ते चालत नाही, परवाना आड येतो. २००४ पासून लोक हा नकाशा स्वतः बघून, नाहीतर वापरायची मुभा असलेल्या चित्रांवरून भरताहेत. म्हणून तर तुम्हाला त्रास देतोय.

जाता जाता आत्यांना बारवेचं नाव विचारलं. "नाव कशाला? बारवच म्हणत्यात."

नावाचा रकाना रिकामा ठेवलाय.