हायवेच्या खड्ड्यातून आखाताच्या तळाशी

जोडायचं काम मला नवीन नव्हतं. सात वर्षं ओएफसी स्प्लायसिंग, म्हणजे तुटलेल्या ऑप्टिकल फायबर केबलमधले काचेचे धागे जोडायचं काम, केलं होतं, तेही मुंबई-गोवा हायवेवर. रुंदीकरण चालू, त्यामुळे रोज कुठे ना कुठे जेसीबीचा दात केबलमध्ये शिरायचा. मग खड्ड्यात उतरायचं, डोक्यावर ताडपत्री, गुडघ्यापर्यंत पाणी, आणि वर उभा असलेला सुपरवायझर दर पाच मिनिटांनी "झालं का?" विचारणार. 24 फायबर दोन तासांत जोडून द्यायचो. निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी हा क्रम झोपेतसुद्धा तोंडात असायचा.

याच घमेंडीत 2018 साली आखातात समुद्राखालच्या इंटरनेट केबली दुरुस्त करणाऱ्या एका जहाजावर जॉइंटरच्या, म्हणजे केबल जोडणाऱ्याच्या, जागेसाठी अर्ज केला. सीडीसी म्हणजे खलाशाचं ओळखपुस्तक, मेडिकल, लाइफ राफ्टमध्ये चढायचं आणि आग विझवायचं प्रशिक्षण, व्हिसा. यात पाच महिने आणि बरेच पैसे गेले. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, जहाजावर जाणाऱ्या प्रत्येकाला ते करावंच लागतं.

खरी परीक्षा बंदरावरच्या डेपोत होती. तिथे मोठमोठ्या गोल टाक्यांमध्ये केबल वेटोळी घालून ठेवलेली असते. शिकवणारे केरळचे, साठीला आलेले. सगळे त्यांना चेट्टा, म्हणजे मल्याळममध्ये दादा, म्हणायचे, मीही म्हणू लागलो. पहिल्या दिवशी स्प्लायसिंग मशीन मिळेल म्हणून मी हात धुऊन उभा, तर चेट्टांनी हातात हॅकसॉ दिली. पुढचे दोन दिवस मी नुसती केबल सोलत होतो.

खोल समुद्रातली केबल बागेतल्या नळीएवढीच असते, जेमतेम 17 ते 20 मिलिमीटर. आखातातली तशी चालत नाही. आखाताची सरासरी खोली 35 मीटरच्या आसपास, म्हणजे नांगर तळाला लागतो आणि मासेमारीची जाळीही लागतात. म्हणून इथल्या केबलला चिलखत चढवलेलं असतं. बाहेर डांबरात भिजवलेलं सुतळ, त्याखाली पोलादी तारांचे दोन थर, मग पांढरं प्लास्टिक, मग तांब्याची नळी, पुन्हा बारीक पोलादी तारा, आणि सगळ्यात आत जेलीत लोळणारे केसाएवढे फायबर. लहान पोराच्या मनगटाएवढी जाड वस्तू सोलत सोलत केसापर्यंत यायचं. डांबर नखांत जाऊन बसतं. साबणाने निघत नाही, डिझेलने निघतं, आणि मग जेवणाला डिझेलचा वास येतो.

फायबर जोडण्यात मला अडचण आली नाही. रंगांचा क्रम माझ्या पाठांतरातला नव्हता, प्रत्येक कारखान्याचा वेगळा, पण तक्ता समोर होता. खरं तर वेगवेगळ्या कारखान्यांच्या केबली एकमेकींना जोडता याव्यात म्हणूनच या धंद्यात युनिव्हर्सल जॉइंट आला, आम्ही त्याला यूजे म्हणतो. त्याचं प्रमाणपत्र नसेल तर जहाजावर केबलला हात लावू देत नाहीत.

माझं घोडं अडलं ते प्लास्टिकपाशी.

फायबर जोडून झाले की त्यावर पोलादी-तांब्याचं कवच बसतं आणि त्यावर वितळलेलं पॉलिथिन साच्यात ओततात. ते का, हे हायवेवरच्या माणसाला ठाऊक नसतं. लांब पल्ल्याच्या केबलमध्ये दर 60 ते 100 किलोमीटरवर प्रकाशाला जोर देणारा रिपीटर असतो. त्याची वीज किनाऱ्यावरून त्याच तांब्यातून जाते, काही हजार व्होल्टची. बाहेर खारं पाणी, आत हा विजेचा दाब, मध्ये फक्त प्लास्टिक. त्यात हवेचा बुडबुडा राहिला तर एक ना एक दिवस वीज तिथूनच वाट काढते. म्हणून साच्यातून काढलेल्या प्रत्येक जॉइंटचा एक्स-रे काढतात, मोडलेल्या हाताचा काढावा तसा.

माझ्या परीक्षेच्या जॉइंटला जवळजवळ वीस तास लागले होते. एक्स-रे पडद्यावर आला आणि मधोमध, ज्वारीच्या दाण्याएवढा, एक बुडबुडा. चेट्टांनी त्यावर पेनाचं टोक ठेवलं. "साचा कधी उघडलास?" मी वेळ सांगितली. ते म्हणाले, "चहा पिऊन ये म्हटलं होतं ना? चहा प्यायला नाहीस." साचा पुरता निवण्याआधी मी तो उघडला होता. प्लास्टिक थंड होताना आकसतं. बाहेरचा थर आधी धरतो, आत पोकळी राहते. हायवेवर "झालं का?" ऐकून ऐकून हाताला लागलेली सवय.

चेट्टांनी जॉइंट उभा कापला आणि अर्धा माझ्या टेबलावर ठेवून दिला. पुढचे दहा दिवस तो तिथेच होता. दुसऱ्या वेळी साचा लावला आणि मी सरळ डेपोबाहेर जाऊन बसलो. एक्स-रे स्वच्छ आला. मग तोच जॉइंट यंत्रात दोन्हीकडून ताणला, तोही टिकला, आणि प्रमाणपत्र मिळालं.

पहिली दुरुस्ती ऑगस्टमध्ये. आखातातल्या देशांना जोडणाऱ्या केबली बऱ्याच आहेत. कुवेत, बहरीन, कतार आणि अमिराती यांना जोडणारी फॉग ही 1998 सालची. फाल्कन तर या देशांपासून थेट मुंबईपर्यंत येते. 2008 च्या फेब्रुवारीत दुबई आणि ओमानच्या दरम्यान फाल्कन तुटली, तेव्हा तळाशी कुणीतरी टाकून दिलेला पाच टनांहून जड नांगर सापडला होता. आमची केबल कोणती ते सांगत नाही, पण गोष्ट तीच. दोन शेजारी देशांच्या मध्ये कुठल्यातरी जहाजाने नांगर ओढत नेला होता.

तुटलं कुठे हे किनाऱ्यावरून प्रकाश सोडून, तो किती वेळात परततो यावरून दोन तासांत कळलं होतं. तिथे जायची परवानगी मिळायला तीन आठवडे. हे दिवस सौदी, अमिराती, बहरीन आणि इजिप्तने कतारशी संबंध तोडल्यानंतरचे. 2017 च्या जूनपासून 2021 च्या जानेवारीपर्यंत ते चाललं. केबली तळाशी होत्या तिथेच होत्या, पण वर जहाजाच्या प्रत्येक कागदाकडे दहादा बघत होते. खलाशांची यादी, नौदलाची मंजुरी, वाटेत तेलाची पाइपलाइन असेल तर तिच्या मालकाचं वेगळं पत्र. आम्ही नांगर टाकून पत्ते खेळत होतो. केबलवाल्यांनीच नांगर टाकून बसायचं, यावर रोज कुणीतरी तोच विनोद करायचा.

चेट्टा म्हणायचे, ही कटकट जुनीच. आखातातली पहिली केबल टेलिग्राफची, 1864 ची. ती घेऊन आलेल्या जहाजांत मुंबईच्या गोदीत बांधलेलीही होती. ओमानच्या मुसंदम भागातल्या एका उघड्या बेटावर तारघर बसवलं होतं, ते थोड्याच वर्षांत सोडून द्यावं लागलं. त्या उन्हात कोण राहणार!

परवानगी आली तसा शमालही सुटला. वायव्येकडून येणारा हा वारा आखात ढवळून काढतो. दोन दिवसांनी एक टोक वर आलं. त्याची चाचणी घेतली, तोंड बंद केलं, बोयाला, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या पिंपाला, बांधून सोडलं. दुसरं टोक आणलं. त्याला टाकीतली नवी केबल जोडायची, ती पसरत पहिल्या टोकापर्यंत यायचं, आणि तिथे शेवटचा जॉइंट. म्हणजे एका तुटीला दोन जॉइंट. पहिला चेट्टांनी केला. दुसऱ्याच्या वेळी ते खुर्ची घेऊन मागे बसले.

बाहेर 44 डिग्री, जॉइंटिंगच्या खोलीत एसी. अख्ख्या जहाजावर थंडावा काय तो तिथेच, म्हणून बोसन, डेकवरच्या खलाशांचा मुकादम, दर तासाला काहीतरी निमित्त काढून डोकावायचा. जहाज डुलायचं तसा फायबर मशीनच्या खाचेतून निसटायचा. एक फायबर मी पाच वेळा कापला. कापलेले तुकडे चिकटपट्टीवर मोजून लावायचे, एकही खाली पडता कामा नये, पायात शिरला तर दिसतही नाही. मध्यरात्रीनंतर साचा लावला. मी न विचारता उठलो आणि चहा प्यायला गेलो. चेट्टा काही बोलले नाहीत, फक्त माझ्या मागोमाग आले.

सकाळी एक्स-रे स्वच्छ. दोन्ही देशांच्या स्टेशनांनी सॅटेलाइट फोनवर सांगितलं, सगळे फायबर पोचले. क्रेनने केबलचा बाक पाण्यावर धरला, दोर कापला, आणि तीन आठवडे ज्याची वाट पाहिली ते अर्ध्या मिनिटात दिसेनासं झालं. वर आम्हाला मात्र नेट नव्हतंच. जहाजाचा कोटा संपलेला.

मग जॉइंटचा तक्ता भरायचा. ठिकाण, खोली, प्रत्येक फायबरचा लॉस म्हणजे जोडात वाया जाणारा प्रकाश, एक्स-रेचा क्रमांक, आणि शेवटच्या रकान्यात जॉइंटरची सही. केबलचं आयुष्य 25 वर्षं धरतात, तोवर हा कागद जपतात. सही करताना डांबराचा अख्खा अंगठा कागदावर उमटला. नवा कागद घेऊ का, विचारलं. चेट्टा म्हणाले, "राहू दे. फॉल्ट आला तर कुणाला शोधायचं ते तरी कळेल."