‘इंडियन’ म्हणजे कुठला?

अमेरिकेतल्या ब्रिटिश वसाहतींची जुनी वर्तमानपत्रं तपासायचं काम मी पुण्यात बसून करते. स्कॅन केलेलं पान सॉफ्टवेअर वाचतं, त्याच्या चुका मी निस्तरते. मुख्य घोळ ‘एस’चा. तेव्हाचे छापखाने शब्दाच्या सुरुवातीचा आणि मधला एस लांब काढायचे, तो अगदी एफसारखा दिसतो. ‘सेल’चं हमखास ‘फेल’ होतं.

बातम्या लंडनच्या आणि शिळ्या. खरा जीव जाहिरातींत. बोही नावाचा चिनी काळा चहा, कॅलिको हे सुती कापड, छीट, बंदाना रुमाल. छीट दिसली की उगाचच माहेरचं कुणी भेटल्यासारखं वाटतं. तिच्याच शेजारी पळून गेलेल्या माणसांच्या जाहिराती: उंची, कपडे, अंगावरचे व्रण, बक्षीस. १७६१ मध्ये खुद्द जॉर्ज वॉशिंग्टननं चार गुलामांसाठी अशी जाहिरात दिली होती. पहिल्या आठवड्यात पोटात कालवायचं, मग सवय झाली. सवय झाली हेही वाईटच.

त्या दिवशी ‘व्हर्जिनिया गॅझेट’चा १३ जुलै १७७६ चा अंक समोर होता. जॉन न्यूटन नावाचा नोकर पळालेला. वय सुमारे वीस, शिडशिडीत, लांब काळे केस मागे बांधलेले, चेहरा आंबट. थकलेला घोडा घेऊन सावकाश ये म्हणून त्याला वाटेत मागे ठेवलं, तिथून पसार. आणि मध्येच: ‘जन्मानं एशियाटिक इंडियन’.

जाहिरातीतला माणूस कुठला हे नोंदवायच्या आमच्या यादीत ‘इंडियन’ निवडलं की नोंद अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांत जाते. दुसरा पर्याय नव्हता. मी वर विचारलं. उत्तर आलं, ‘इतर’ टाका, पुढे चला.

पुढे जाववेना. व्हर्जिनियात येऊन त्याला वर्ष झालेलं, त्याआधी दहा वर्षं इंग्लंडात सर चार्ल्स व्हिटवर्थकडे नोकरी. विसातून अकरा वजा केले. नऊ. नऊ वर्षांच्या पोराला कुणी, कुठल्या बंदरातून नेलं असेल? न्यूटन हे काही आईबापानं ठेवलेलं नाव नव्हे.

शेवटी ‘इतर’ टाकलं. टिपणाच्या चौकटीत ‘आशिया’ लिहिलं.

त्या दहा वर्षांपाशी कंसात तीन शब्द होते, ‘असं तो सांगतो’ अशा अर्थाचे. अख्ख्या जाहिरातीत त्याचं स्वतःचं म्हणणं तेवढंच, तेही मालकाला न पटल्यासारखं. सॉफ्टवेअरनं तिथेही ‘सेज’चं ‘फेज’ केलं होतं. ते दुरुस्त केलं आणि पान पुढे पाठवलं.